साक्षीदारांची नावे : दोन जुन्या वनस्पतिग्रंथांचे परीक्षण

वनस्पतींवरील ग्रंथाचे परीक्षण हे वैद्याचे किंवा वनस्पतिशास्त्रज्ञाचे काम, वकिलाचे नव्हे, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो अगदीच गैर म्हणता येणार नाही. कोणत्या पाल्याने कोणता ज्वर उतरतो हे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु असा प्रत्येक ग्रंथ मुळात एक साक्ष असतो. अमुक झाड अमुक ठिकाणी उगवते आणि लोक त्याचा अमुक उपयोग करतात, हे कोणीतरी पाहिलेले असते, कोणीतरी सांगितलेले असते आणि तिसऱ्याच कोणी लिहून घेतलेले असते. साक्ष कशी तपासावी एवढे आमच्या व्यवसायाने आम्हांस शिकविले आहे. तेव्हा न्यायालयात विचारले जाणारे तीन साधे प्रश्नच आम्ही या ग्रंथांना विचारणार आहोत. सांगणाऱ्याने ते स्वतः पाहिले होते काय? तो सांगणारा कोण? आणि ज्या नावाने वस्तू सांगितली ती नेमकी तीच वस्तू, हे कशावरून?

ह्या प्रश्नांना आपल्या समाजात विशेष महत्त्व आहे. आपल्या घरांत वनस्पतींचे ज्ञान तीन ठिकाणी नांदते : चुलीपाशी, आजाऱ्याच्या उशाशी आणि देवापाशी. ज्या हळदीच्या पानांत श्रावणात पातोळ्या वाफवितात, त्याच हळदीची पूड बोट कापल्यास जखमेवर दाबितात, आणि तीच हळद देवीच्या ओटीत पडते. बेलाचे पान शंकराला जाते, पिकल्या फळाचा मुरंबा होतो, कच्च्या फळाचा गर अतिसारावर देतात. घरातील वडीलधाऱ्या बाईला ही तीन निरनिराळी शास्त्रे आहेत असे कधी वाटलेच नाही. ग्रंथकर्ते मात्र हे एक ज्ञान तीन ठिकाणी वाटून घेतात. पाकशास्त्राच्या पुस्तकात औषध नसते, निघंटूत पूजा नसते आणि पूजाविधीच्या पोथीत झाडाची ओळख नसते. ज्या थोड्या ग्रंथांत ही वाटणी पुरती झालेली नाही, अशांपैकी दोन आपल्या किनाऱ्याशी संबंधित आहेत. पहिला गोव्यात छापला गेला. दुसरा अॅम्स्टरडॅमला छापला गेला. परंतु गोव्याहून परागंदा झालेल्या कोकणी समाजातील तीन पुरुषांची साक्ष त्यात त्यांच्याच भाषेत आणि नागरी अक्षरांत नोंदविलेली आहे.

पहिला ग्रंथ गार्सिया द ओर्ता ह्या पोर्तुगीज वैद्याचा. हा गृहस्थ १५३४ मध्ये गोव्यास आला आणि अखेरपर्यंत येथेच राहिला. पोर्तुगीज राज्यपालांवर त्याने उपचार केले, तसेच अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही त्याची ये-जा होती. हिंदुस्थानातील औषधी द्रव्यांविषयीचे त्याचे ‘संवाद’ १५६३ मध्ये गोव्यात प्रसिद्ध झाले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. त्या काळची पंडितांची भाषा लॅटिन. ओर्ताने लिहिले पोर्तुगीजमध्ये, आणि तेही संभाषणाच्या रूपाने. युरोपातून नुकताच आलेला रुआनो नावाचा एक कल्पित वैद्य पुस्तकी प्रश्न विचारतो आणि येथे मुरलेला ओर्ता त्याला उत्तरे देतो. मधूनच घरातील आंतोनिया नावाची दासी काही जिन्नस आणून दाखविते, तर मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही संभाषणात डोकावून जातो.

आमच्या पहिल्या प्रश्नाला ह्या ग्रंथाने उत्तम उत्तर दिले आहे. जे प्राचीन ग्रीक आणि अरब आचार्यांनी लिहिले ते प्रत्यक्षाशी जुळत नसेल तर ओर्ता प्रत्यक्षाच्या बाजूने उभा राहतो, आणि त्या काळी हे धारिष्टच होते. गोव्यातील पटकीच्या रोग्याचे त्याने केलेले वर्णन युरोपीय वैद्यकाच्या इतिहासात ह्या रोगाच्या अगदी आरंभीच्या वर्णनांपैकी एक मानले जाते, आणि त्या रोगासाठी त्याने वापरलेला शब्द आपल्याच ‘मोडशी’वरून आलेला आहे. आपला निर्गूड त्याच्या पुस्तकात ‘नेगुंदो’ झाला, आणि वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे त्या झाडाला दिलेल्या लॅटिन नावात तोच शब्द आजही टिकून आहे. आपले भिरंड तेथे ‘ब्रिंदाँव’ ह्या वेषात भेटते. आपले शब्द असे परक्या अक्षरांत, थोडेसे मोडून पण ओळखू येतील असे, चार शतकांपूर्वीच्या छापील पानावर भेटावेत याचा आनंद मोठा आहे.

परंतु दुसरा प्रश्न विचारताच हा साक्षीदार संकोचतो. उदाहरणादाखल त्याचे पारिजातकावरील प्रकरण घ्यावे. रात्री फुलून पहाटे गळणाऱ्या ह्या फुलाला पोर्तुगीजांनी ‘दुःखी वृक्ष’ म्हटले. ओर्ता येथील नाव नोंदवितो. फुलांच्या केशरी देठांनी अन्नाला केशरासारखा रंग देतात, हेही सांगतो. मग एक कथा देतो : एका थोर पुरुषाची कन्या सूर्यावर अनुरक्त झाली, सूर्याने तिचा त्याग केला, तिने देहत्याग केला आणि तिच्या राखेतून हे झाड उगवले, म्हणून त्याच्या फुलांना सूर्यदर्शन सोसत नाही. आपल्या परिचयाची पारिजातकाची कथा कृष्ण, रुक्मिणी आणि सत्यभामेची. ही कथा तिच्याहून वेगळी आहे आणि अतिशय करुणरम्य आहे. ओर्ताने ती जतन केली हे त्याचे ऋणच मानले पाहिजे. पण ती त्याला सांगितली कोणी? एखाद्या भटजीने, वैद्याने, की अंगणात फुले वेचणाऱ्या बाईने? ती गोव्याची, की घाटावरची? लोक असे सांगतात, एवढ्यावरच आपली बोळवण होते. कायद्याच्या भाषेत ही ऐकीव साक्ष. ऐकीव साक्ष खोटी असतेच असे नव्हे. परंतु मूळ सांगणाराच समोर नसल्यामुळे तिची उलटतपासणी करता येत नाही, एवढेच तिचे वैगुण्य. बरे, गळून भूमीवर पडलेली फुले एरवी पूजेला चालत नाहीत, पारिजातकाची मात्र चालतात. हा देवघरातील अपवाद ओर्ताला त्याच सांगणाऱ्याकडून कळला असता. त्याने तो विचारलेला दिसत नाही.

येथे परीक्षकाने काळाचेही भान ठेवावयास हवे. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन नावाचे धर्मन्यायालय बसले. त्याच वर्षी श्रीमंगेशाची मूर्ती कुशस्थळीहून नदीपलीकडे प्रियोळास नेण्यात आली, आणि त्या दशकात तिसवाडी, साष्टी, बारदेशांतील कितीतरी दैवते आपली मूळ स्थाने सोडून गेली. ओर्ताचे पुस्तक छापले जात होते ते ह्या दिवसांत. स्वतः ओर्ता बाटविलेल्या ज्यू घराण्यातील होता. १५६८ मध्ये तो वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. ज्या शहरात देवाधर्माविषयी कोण काय सांगतो याची नोंद ठेवणारे एक वेगळेच कार्यालय होते, तेथे ग्रंथकाराने सांगणाऱ्यांची नावे न घेणे हे केवळ बेपर्वाईचे लक्षण मानता येणार नाही. कदाचित ते सांगणाऱ्यांच्याही हिताचे होते. हा आमचा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण न्यायाधीशाने आरोपीला संशयाचा फायदा द्यावा तसा आम्ही ओर्ताला येथे देतो.

युरोपाने मात्र त्याच्या पुस्तकाशी जे केले त्याला असा काही फायदा देता येत नाही. अवघ्या चार वर्षांत, १५६७ मध्ये, क्लूसियस ह्या विद्वानाने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि त्यात संवादाचे रूपच काढून टाकले. रुआनो गेला, मालुपा गेला, आंतोनिया गेली. उरली ती द्रव्ये आणि त्यांचे गुण. युरोपभर वाचला गेला तो मुख्यतः हा संक्षेप. मूळ ग्रंथात सांगणाऱ्यांचा निदान आवाज तरी होता. संक्षेपात तोही उरला नाही.

दुसरा ग्रंथ ‘होर्तुस मलाबारिकुस’, म्हणजे मलबारची बाग. १६६३ मध्ये डचांनी कोची पोर्तुगीजांकडून घेतले. पुढे तेथे अधिकारी म्हणून आलेल्या हेन्ड्रिक व्हान रीडे ह्याने हा प्रचंड उद्योग आरंभिला. १६७८ पासून १६९३ पर्यंत अॅम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने त्यांत आहेत, आणि बहुतेक प्रत्येक वनस्पतीचे मोठे, रेखीव चित्र आहे. चित्रांवर रोमन, मल्याळम आणि अरबी अक्षरांबरोबर आपल्या नागरी अक्षरांतही नावे कोरलेली आढळतात. आमच्या तिसऱ्या प्रश्नाला, म्हणजे वस्तू नेमकी तीच कशावरून ह्याला, याहून चांगले उत्तर त्या काळी देणे शक्य नव्हते. पान, फूल, फळ डोळ्यांपुढे, आणि त्याखाली चार समाज त्याला काय म्हणतात ते. पुढे लिनिअसने वनस्पतींना शास्त्रीय नावे देताना ह्या ग्रंथाचा आधार घेतला तो उगाच नव्हे.

आणि दुसरा प्रश्न, सांगणारा कोण हा? त्याचे उत्तर पहिल्या खंडाच्या आरंभीच आहे. तेथे साक्षीदारांची प्रमाणपत्रे छापली आहेत. एक इट्टी अच्युतन ह्या मलबारी वंशपरंपरागत वैद्याचे. एक इमॅन्युएल कार्नेरो ह्या दुभाष्याचे. आणि एक रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट ह्या तिघांचे, कोकणी भाषेत आणि नागरी लिपीत. काळ १६७५ चा. आज्ञेवरून आपण दोन वर्षे सकाळ-संध्याकाळ हे काम केले, वनस्पतींची नावे व गुण सांगितले, असा त्या तिघांच्या म्हणण्याचा आशय आहे. छापील नागरी अक्षरांतील कोकणीचा हा अगदी आरंभीचा नमुना. ज्यांच्या पूर्वजांनी देव आणि घरे वाचविण्यासाठी गोवा सोडला, त्यांनी शंभर वर्षांनंतरही परमुलखात आपली भाषा आणि आपली अक्षरे राखली होती, ह्याचाही तो लेख पुरावाच आहे. आपल्या दोन्ही भाषांच्या वाचकांनी ही तीन नावे पाठ करावीत, इतकी त्यांची योग्यता आहे.

मात्र अभिमान वाटला म्हणून उलटतपासणी सोडून देणे हे वकिलाला शोभणारे नाही, आणि वाचकालाही. पहिली गोष्ट, हे प्रमाणपत्र आज्ञेने दिलेले आहे; साक्षीदार आणि आज्ञा करणारा यांचे बळ समान नव्हते. दुसरी गोष्ट, श्रेय कोणाचे किती, ह्यावर विद्वानांत वाद झाला आहे. इट्टी अच्युतन हा एळवा समाजातील. झाडांशी, ताडामाडांशी आणि वैद्यकाशी त्या समाजाचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा. ग्रंथाचा मुख्य कणा त्याच्या घराण्यातील ज्ञानाचा आहे, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि ग्रंथातील नावांची मुख्य मांडणी मल्याळम आहे हे पाहता त्या मताला बळकटी येते. आपल्या तिघांची नावे घेताना त्या चौथ्याचे नाव गाळणे म्हणजे क्लूसियसने आंतोनियाशी जे केले तेच आपण करणे होय. तिसरी गोष्ट, झाडांवर चढून फांद्या आणणारे, रानांतून मुळ्या खणणारे जे असंख्य हात ह्या उद्योगात लागले त्यांची नावे येथेही नाहीत. आणि बाई तर एकही नाही. आंतोनियाइतकीही नाही.

आणखी एक उणीव आहे. सांगणाऱ्याचे बोलणे मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये, तेथून पुढे डच अधिकाऱ्यांच्या हातून लॅटिनमध्ये गेले. इतक्या चाळण्यांतून गाळले गेल्यावर गुणधर्म उरतात, बोलणाऱ्याचा स्वर उरत नाही. ओर्ताच्या पानावर कोणी तरी बोलत आहे असे वाटते, पण तो कोण हे कळत नाही. रीडेच्या पानावर तो कोण हे कळते, पण त्याचे बोलणे ऐकू येत नाही. दोन्ही ग्रंथ थोर आहेत, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते, असा आमचा निष्कर्ष आहे. तरीही एकच निवडावा लागला तर आम्ही रीडेच्या बाजूने मत देऊ. त्याची भाषा कोरडी असली तरी त्याने साक्षीदाराची सही घेतली. के. एस. मणिलाल ह्या केरळीय वनस्पतिशास्त्रज्ञाने कित्येक दशके खपून त्याचे इंग्रजी भाषांतर केले व केरळ विद्यापीठाने ते २००३ मध्ये प्रसिद्ध केले. तेव्हापासून त्या चौघांची नावे सामान्य वाचकालाही सहज वाचता येऊ लागली. अशी सोय ओर्ताच्या सांगणाऱ्यांसाठी आता कोणीही करू शकणार नाही.

सहीचे एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर अलीकडच्या एका दाव्यात आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर तेथील एका विद्यापीठाला पेटंट देण्यात आले. आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. परिषदेचे तेव्हाचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर हे मूळचे गोव्यातील माशेलचे. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. ही हकीगत आपण अभिमानाने सांगतो, पण तिच्यातील कायद्याचा मुद्दा सहसा सांगत नाही. अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे, परदेशातील लोक एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत एवढ्याने पेटंट अडत नसे. ती गोष्ट कोठे तरी छापलेली असावी लागे. कोट्यवधी स्वयंपाकघरांतील हळदीचे डबे तेथे पुरावा ठरत नव्हते. पुरावा ठरले ते संस्कृत ग्रंथ आणि १९५३ मध्ये एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला निबंध. कडुनिंबाच्या बाबतीत युरोपातील नियम निराळा होता. तेथे जगात कोठेही झालेला उघड वापर विचारात घेता येई, म्हणून एका भारतीय उद्योजकाची प्रत्यक्ष साक्षही तेथे झाली. २००० मध्ये ते पेटंट रद्द झाले आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळले गेले. दोन्ही दाव्यांचे तात्पर्य एकच. जे ज्ञान कोणाच्या तरी नावाने नोंदले गेले किंवा ज्याच्यासाठी कोणी तरी नाव सांगून उभे राहिले, तेच वाचले. अमेरिकेचा तो नियम २०१३ पासून बदलला आहे, आणि आपल्याकडे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे मोठे संगणकीय भांडारही सुरू झाले. परंतु त्या भांडारात मुख्यतः आले ते ग्रंथांतील ज्ञान. ज्याला ग्रंथच नाही ते कोठे जाणार?

ह्या कसोटीवर आमची आजची मराठी-कोकणी पुस्तके घासून पाहिली म्हणजे समाधान होत नाही. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी मराठीत वनौषधींवर निष्ठेने लिहिले. दानियेल जेलासियु दालगादो यांनी १८९८ मध्ये गोवा व सावंतवाडी येथील औषधी, आहारोपयोगी व औद्योगिक वनस्पतींची पद्धतशीर सूची पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध केली. ही परंपरा पुढे चालवावयाची तर ती अधिक काटेकोर व्हावयास हवी होती. उलट आज देवळांच्या आवारात आणि सणासुदीच्या बाजारात ज्या पुस्तिका मिळतात, त्यांत प्रत्येक पूजाद्रव्याला एक ‘शास्त्रीय कारण’ चिकटविलेले असते. तुळस चोवीस तास प्राणवायू सोडते, हे असेच एक विधान. वनस्पती प्राणवायू सोडतात तो प्रकाशात. रात्री त्या तो घेतात, आणि तुळस याला अपवाद नाही. दुसरे विधान असे की गणपतीची एकवीस पत्री ही सगळी औषधेच असल्यामुळे आरोग्यदायक. त्या एकवीसांत धोत्रा आहे, कण्हेर आहे, रुई आहे. ही तिन्ही विषारी आहेत. वैद्य ती शुद्ध करून, मात्रा मोजून वापरतो. गृहस्थाने त्यांना तोंड लावू नये. देवाला वाहिले म्हणजे ते खाण्याजोगे ठरते असे आपल्या पूर्वजांनी कधीही म्हटलेले नाही. पूजेचे प्रयोजन पूजा हेच आहे. तिला रसायनशाळेचे खोटे प्रमाणपत्र देण्याने भक्तीची प्रतिष्ठा वाढत नाही, आणि खोटी साक्ष उघडी पडली म्हणजे खऱ्या साक्षीवरचाही विश्वास उडतो, हे आम्ही न्यायालयात नित्य पाहतो.

वस्तूच्या ओळखीचा प्रश्न तर याहून गंभीर आहे. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचे काढे झाले. २०२१ मध्ये मुंबईतील काही डॉक्टरांनी असे काढे घेणाऱ्या रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे नोंदविले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली ती मुख्यतः अशी, की त्या रुग्णांनी घेतलेली वेल गुळवेलच होती, तिच्याच जातीची दुसरी वेल नव्हती, हे तपासलेले नाही. ह्या वादात निवाडा देणे आमचे काम नव्हे. पण रीडेने १६७८ मध्ये चित्र छापून जो प्रश्न मिटविला, तो साडेतीनशे वर्षांनी आपल्याच अंगणात अनिर्णीत राहावा, ही चिंतेची गोष्ट खरी. मूळ कोकणपट्टीतून उठून इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबादेस स्थायिक झालेल्या घराण्यांत तर पत्रीची नावे पाठ असतात आणि झाडे अनोळखी असतात. बाजारात जो पाला मिळेल तो त्या नावाने वाहिला जातो. पूजेत ते क्षम्य आहे. काढ्यात नाही.

तरीही ज्याला ग्रंथ नाही असे ज्ञान पाहावयाचे असेल तर आमच्याकडे एक मोठी पोथी प्रतिवर्षी उघडते : गोव्यातील चतुर्थीची माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला नारळ, सुपारीचे घड, आंब्याचे टाळे, चिबूड यांच्याबरोबर रानातली फळे-फुले बांधितात : माट्टुतां, कांगलां, घागऱ्यो, हरणां. पैकी काही खाण्याची, काही औषधी, काही केवळ रूपाने देवाला प्रिय. फोंडा, डिचोली, सत्तरीच्या रानांतून ती गोळा करून आणणारे माणूस बहुधा एखादी गावडी किंवा वेळीप बाई असते, आणि माटोळीच्या बाजारात ती आपला वाटा मांडून बसते. कोणती वेल कोठे, कोणत्या पंधरवड्यात, कोणत्या फळाला हात लावू नये, हे तिला ठाऊक असते. कला व संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेमुळे ह्या प्रथेला प्रतिष्ठा आली, हे चांगलेच झाले. परंतु माटोळीचे कौतुक होते तेव्हा ती सजविणाऱ्या घराचे नाव घेतले जाते. जिने ती वेल ओळखून आणली तिचे नाव कोणी विचारीत नाही. ओर्ताने आपल्याला सांगणाऱ्यांना जसे निनावी ठेवले, तसेच आपण आपल्या सांगणाऱ्यांना ठेवीत आहोत, आणि आपल्यावर कोणत्याही धर्मन्यायालयाचा धाक नाही.

कायद्याने ह्यासाठी एक जागा करून ठेवलेली आहे. २००२ च्या जैवविविधता अधिनियमाखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना लाभ वाटून देण्याच्या जबाबदारीतून बरीच मोकळीक मिळाली. म्हणजे जे तोंडी आहे आणि स्थानिक आहे त्याच्या मालकाला ह्या नोंदवहीचे महत्त्व पूर्वीपेक्षा अधिक आहे. पण सरकारी कारकुनाने भरलेली वही ही साक्ष होत नाही. आमची सूचना अशी, की देवस्थानांच्या समित्यांनी हे काम आपल्याकडे घ्यावे. देवळाच्या परिसरात, देवराईत, नैवेद्यात, पत्रीत आणि माटोळीत येणाऱ्या प्रत्येक वनस्पतीला एक पान द्यावे. त्यावर कोकणी आणि मराठी नाव, झाडाची जागा, वाळविलेली फांदी किंवा चित्र, वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाकडून केलेली ओळख. मग चुलीतला उपयोग, औषधातला उपयोग, देवापाशीचा उपयोग. विषारी असेल तर ठळक अक्षरांत सावधगिरीची सूचना. आणि शेवटी, सांगणाऱ्याच्या संमतीने, सांगणाऱ्याचे नाव. ज्याला आपले ज्ञान उघड करावयाचे नसेल त्याला तसे म्हणण्याचा पूर्ण हक्क राहील. आज्ञेने घेतलेली साक्ष आपल्याला नको आहे.

एका देवळापुरते हे काम दोन वर्षांत पुरे होण्यासारखे आहे. रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट यांना परक्या अधिकाऱ्याच्या मोठ्या कामासाठी तेवढाच काळ लागला होता. त्यांच्या वहीत ज्या बायकांना जागा मिळाली नाही, त्यांची नावे आपल्या वहीत पहिल्या पानावर यावीत, म्हणजे ही साक्ष पूर्वीच्या दोन्ही ग्रंथांहून एका तरी बाबतीत सरस ठरेल.